दुकान बंद करण्याआधी गल्ला मोजता का? रोजच्या हिशेबाच्या सवयीबद्दल

वाशिष्ठीकाठ

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं हार्डवेअर आणि नळसामानाचं दुकान आहे. वडिलांनी उभं केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. गेल्या आठवड्यात शेजारच्या नव्या दुकानदाराने विचारलं, "रोज रात्री एवढं काय लिहीत बसता? सीए आहे ना तुमचा?" त्याला दारात उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

२२ जुलै २०२१ ला पहाटे बाजारपेठेत पाणी शिरलं. ओसरल्यावर शटर वर केलं तेव्हा पीव्हीसीचे पाईप सोडले तर धुऊनपुसून विकता येईल असं फार थोडं उरलं होतं. सिमेंटची पोती दगड झालेली. मोटारी, गीझर, स्विच, रंगाचे डबे सगळं गेलेलं. गल्ल्याखालच्या कपाटात वह्या होत्या. उधारीची लाल कापडी बांधणीची खतावणी हातात घेतली तर पानं एकमेकांना चिकटलेली आणि निळी शाई पसरून सगळं पान एकाच रंगाचं झालेलं.

विम्याचे सर्व्हेअर आले. त्यांचा पहिला प्रश्न: "२१ तारखेला दुकान बंद केलंत तेव्हा माल किती होता?" वडील म्हणाले, "अठरा-एकोणीस लाखांचा असेल." ते म्हणाले, "असेल नको, कागद दाखवा."

पाण्यातून वाचलेला असा कागद एकच होता, बँकेत दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट. कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर बँकेचं फिरतं कर्ज, असलेल्यांना ते माहीत आहे. आम्ही ते कसं भरत होतो? मागच्या महिन्याचं समोर ठेवायचं, आकडा थोडा इकडेतिकडे करायचा आणि सही ठोकायची. माल वाढत गेला, पण आमचा आकडा १४ लाखांच्या आसपासच फिरत राहिला. पुढे सगळा दावा त्या १४ लाखांभोवतीच अडकला. पुरवठादारांनी भरलेली बिलं जीएसटीच्या पोर्टलवर दिसत होती, त्यांवरून जमेल तेवढं उभं केलं. पण आपल्याच सहीचा आकडा चूक होता हे पटवणं फार जड जातं. उधारीत ज्यांनी आपणहून येऊन "दादा, माझे इतके राहिलेत" म्हणून सांगितलं त्यांचे पैसे आले. अशी माणसं बरीच होती, त्यांचे उपकार मानतो. बाकीचं सोडून दिलं. वडिलांना पैशापेक्षा त्या सहीचं जास्त लागलं.

तेव्हापासून सव्वाआठला शटर अर्धं खाली आलं की पंधरा ते वीस मिनिटं हिशेब. मंगळवारचंच उदाहरण देतो. सकाळची शिल्लक ४,३५०. रोख विक्री १८,७२०. जुनी उधारी वसूल ३,५००. गेले: हमाली २४०, चहा १२०, टेम्पोभाडं ६००, घरखर्चाला उचल २,०००, बँकेत भरणा १५,०००. म्हणजे गल्ल्यात ८,६१० हवेत. मोजले तर ८,२५०. फरक ३६० चा. भाऊ म्हणाला, "जाऊ दे, सुट्टे देताना गेले असतील." मी बिलबुक घेऊन बसलो. दुपारी एका प्लंबरने सीपीव्हीसीचे एल्बो आणि बॉल व्हॉल्व्ह नेले होते. बिल १,३७० चं, वहीत मी १,७३० लिहिले होते. पाच मिनिटांत सापडलं, कारण तो माणूस, त्याची पिशवी, त्याने दिलेल्या नोटा डोळ्यांसमोर होत्या. आठवड्याने यातलं मला काहीही आठवलं नसतं. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे: हिशेब त्याच दिवशी घरी जायच्या आत लिहायचा, कारण फरक शोधायला लागते ती आठवण, आणि ती रात्री झोपेत जाते.

यूपीआयचा रकाना वेगळा. क्यूआर कोड दुकानाच्या चालू खात्याचाच. आधी भावाच्या बचत खात्याचा होता आणि त्यातून घरचं किराणा, मुलांची फी, पुरवठादाराचे पैसे सगळं एकाच नळातून वाहत होतं. ते बंद केलं.

मालाची मोजणी रोज एक फळी. आज फक्त अर्ध्या इंची फिटिंग, उद्या फक्त नळ. दीड महिन्यात दुकानाची एक फेरी पूर्ण होते. बँकेला जाणारा आकडा आता या मोजणीतून निघतो. वह्यांचे फोटो दर रविवारी काढून मेलवर ठेवतो.

तुम्ही मंडळी कसं करता ते लिहा. विशेषतः उधारीचं.

मांडववाला

पुरात जे गेलं त्याबद्दल वाईट वाटलं. पण दादा, रोज हे सगळ्यांना जमणार नाही. माझा मांडव आणि लाइटिंगचा धंदा आहे. लग्नसराईत रात्री दोन वाजता कनाती उतरवून गाडी भरायची आणि सहाला दुसऱ्या गावी खांब रोवायचे. त्यात वही कुठे काढू? मी सोमवारी एकदम बसतो. आठ पोरांची रोजी, डिझेल, जनरेटरचं भाडं, फुलवाला, सगळं खिशातल्या चिठ्ठ्यांवर असतं. आठवड्यातून एकदा बसलं तरी पुरतं असं माझं मत आहे. दुकान एका जागी असतं, माझा धंदा फिरता.

जुनी खतावणी

वाशिष्ठीकाठ, तुमचे ३६० वाचून बरं वाटलं. मी सांगलीला हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून बरीच वर्षं काढली. आता निवृत्त आहे.

फरक सापडला की आम्ही आधी त्याला नऊने भागून बघायचो. पूर्ण भाग गेला तर बहुतेक वेळा आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ३६० ला नऊने भागलं की ४०. तुम्ही ३ आणि ७ उलटे लिहिलेत, त्या दोघांतला फरक ४, शतक-दशकाच्या जागा म्हणून ९० पट, झाले ३६०. म्हणजे बिलबुकात कुठे शोधायचं तेही फरकच सांगतो: शेजारशेजारचे दोन आकडे, ज्यांच्यात ४ चा फरक आहे. नऊने भाग गेला नाही तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची. जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट येतो. २,५०० चा फरक असेल तर १,२५० ची नोंद बघा.

आमच्या अडतीवर आधी खर्डा (कच्ची वही), मग रोजकीर्द (दिवसाची पक्की वही), मग खतावणी (एकेकाच्या खात्याची वही) असा क्रम होता. सौदा झाला की खर्ड्यात पेन्सिलीने टिपायचं. संध्याकाळी खर्ड्यावरून कीर्द शाईने. कीर्दीतून खतावणी दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं ताजं असताना. महिन्याला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नाव्यांची बेरीज, जुळवायची. मालकांच्या आजोबांच्या वह्या मोडीत होत्या, त्यांतही हाच क्रम. खर्डा फाडायला मनाई होती. खाडाखोड झाली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. रबर, ब्लेड वह्यांच्या कपाटाजवळसुद्धा येऊ द्यायचे नाहीत.

मांडववाले, तुमच्या खिशातल्या चिठ्ठ्या म्हणजे खर्डाच आहे. फक्त चिठ्ठी हरवते आणि वही हरवत नाही. खिशात मावेल अशी एकच छोटी वही ठेवा, गाडीत बसल्यावर दोन ओळी खरडा. पक्कं लिहिणं सोमवारी चालेल.

लवंगवेलची

मी घरी कांदा-लसूण मसाला आणि गोडा मसाला करते, गेली चार वर्षं. सुरुवात ओळखीच्यांपासून झाली, आता महिन्याला चाळीसएक किलो जातो. थोडा कुरिअरने बेंगळुरूलाही जातो, मुलीच्या सोसायटीत. माझा हिशेब म्हणजे डब्यात पैसे टाकायचे आणि डब्यातून काढायचे. त्याच डब्यातून मिरची येते, त्यातूनच दूध आणि भाजी. महिन्याला बारा-तेरा हजार सुटत असतील असा माझा अंदाज आहे, पण "असेल नको, कागद दाखवा" हे वाक्य वाचल्यापासून अस्वस्थ आहे.

मला कॉमर्सचं काही येत नाही. जमा आणि नावे यांतला फरक अजून नीट कळत नाही. सुरुवात कुठून करू? आणि १० किलो मिरची आणली की देठ काढून, कडकडीत उन्हात वाळवून ९ च्या आत येते, ती घट वहीत कुठे लिहायची?

वाशिष्ठीकाठ

ताई, पहिल्या महिन्यात जमा-नावे विसरा. दोन डबे करा, घरचा आणि मसाल्याचा. मसाल्याच्या डब्यातून घरी पैसे घेतलेत की "उचल" म्हणून लिहायचं. बस्स. स्वतःच्या डब्यातून घेताना लिहायचं म्हणजे सुरुवातीला विचित्र वाटतं, आमच्या आईलाही वाटलं होतं. पण घरी किती जातं ते कळल्याशिवाय धंद्याला किती सुटतं ते कळत नाही.

ठिणगी

भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे. लेझर कटिंग बाहेरून, बेंडिंग आणि वेल्डिंग आमच्याकडे. उधारीचं विचारलंत म्हणून लिहितो, कारण आमच्याकडे रोखीचा गल्ला नसतोच, सगळं येणं असतं.

एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर दोन वर्षांत ३८,००० येणं साचलं होतं. मी दर महिन्याला त्यांच्या अकाउंट्सला फोन करायचो, ते म्हणायचे सगळं दिलंय. थोडी तणातणीही झाली. शेवटी एका रविवारी सगळी बिलं जमिनीवर पसरली. बिल १,००,००० चं, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८,०००. खात्यात आलेले १,१७,०००. प्रत्येक बिलावर मूळ रकमेच्या १ टक्का टीडीएस कापलेला. मी फक्त आलेले पैसे जमा धरत होतो, कापलेला कर कुठेच लिहीत नव्हतो. म्हणून ते येणं कधी मिटलंच नाही. वर तो कर माझ्या नावाने सरकारजमा होता आणि मी रिटर्नमध्ये मागितलाच नव्हता. एका वर्षाचा मिळाला, आधीच्या वर्षाची मुदत गेली होती. आता पैसे आले की त्याच दिवशी दोन नोंदी, बँकेची आणि टीडीएसची. तिमाहीला २६एएस, म्हणजे आपल्या नावाने कापलेल्या कराचं आयकर खात्याचं विवरण, काढून ताळा बघतो.

दुसरं, दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर २बी तयार होतं, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून आपल्याला खरेदीवरच्या कराचं किती क्रेडिट (वजावट) मिळेल त्याचं विवरण. १५ ला सकाळी मशीन सुरू करायच्या आधी मी ते खरेदीशी लावून बघतो. मध्यंतरी पत्र्याचं एक बिल त्यात नव्हतं. माल २,३०,००० चा, कर ४१,४००. पुरवठादाराच्या मुलाने दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक टाकला होता आणि माझं क्रेडिट भलत्याच खात्यात गेलं होतं. त्याच दिवशी फोन केला, पुढच्या महिन्यात दुरुस्त झालं. वर्षअखेरीला कळलं असतं तर त्या माणसाने फोन तरी उचलला असता का?

आणि उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक बिलावर छापा. २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत दिलं नाही तर गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. मुदत म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. मार्चमध्ये मी प्रत्येकाला थकबाकीची यादी पाठवतो, बिल क्रमांक, तारीख आणि उलटलेले दिवस लिहून. पूर्वी "बघतो" म्हणणारे आता उत्तर देतात. पण यादी पाठवायला वही तयार लागते.

वीस तारीख

मी नाशिकला एका कर सल्लागारांच्या कार्यालयात काम करते. आमच्याकडे जुलैत लोक प्लास्टिकच्या पिशवीत वर्षाची बिलं घेऊन येतात. पिशवी उलटी केली की त्यातून लग्नपत्रिका, औषधाच्या चिठ्ठ्या, थर्मल कागदाची पांढरी पडलेली डिझेलची बिलं निघतात. त्या पांढऱ्या कागदाचं मग काहीच करता येत नाही. म्हणून थर्मल कागदाचं बिल हातात पडलं की त्याच दिवशी फोटो काढाच.

ठिणगींनी २बी बद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं. राहिलेलं क्रेडिट पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं, आणि वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तेव्हापर्यंतच. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, आणि हे १८० दिवस मोजायला देण्यांची वही तारखेनिशी हवी. विक्रीची चूकही जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) जाईपर्यंत सापडलेली बरी. आता ३बी (कर भरायचं रिटर्न) मध्ये तो आकडा हाताने बदलता येत नाही, १ए (विक्रीच्या विवरणाचा दुरुस्ती फॉर्म) मधून दुरुस्ती करावी लागते.

वाशिष्ठीकाठ, तुमच्या पुराबद्दल एक सांगते, कारण हे फार जणांना उशिरा कळतं. पुरात, आगीत, चोरीत गेलेल्या मालावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. म्हणजे माल गेला आणि वर कराचाही बोजा. कोणता माल गेला आणि त्यावर किती क्रेडिट घेतलं होतं हे मालवार दाखवता आलं नाही तर ढोबळ हिशेब होतो आणि तो सहसा व्यापाऱ्याच्या अंगावर येतो. तुमच्या रोजच्या एका फळीची खरी किंमत इथे आहे.

लवंगवेलची ताई, तुमच्यासाठी: राज्यातल्या राज्यात माल विकताना ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण राज्याबाहेर माल विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. तुमचा बेंगळुरूचा मसाला त्यात येतो. घाबरू नका, पण हे आजच जवळच्या सल्लागाराला विचारा. खाद्यपदार्थ म्हणून एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी असेलच, नसेल तर तीही. आणि वहीत महाराष्ट्रातली विक्री आणि बाहेरची विक्री असे दोन रकाने आजपासूनच पाडा.

सगळ्यांसाठी अजून एक. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात सहसा धरत नाहीत. रोजकीर्द लिहिणाऱ्याला हे रात्रीच दिसतं आणि पुढच्या वेळी तो बँकेतून देतो. वर्षाने लिहिणाऱ्याला आम्ही सांगतो, तेव्हा करण्यासारखं काही राहिलेलं नसतं.

मांडववाला

दिवाणजी काका, तुमचं ऐकून छोटी वही घेतली. शर्टाच्या खिशात मावते. तीन आठवडे झाले. सोमवारी बसायला पूर्वी अर्धा दिवस जायचा, आता तास-दीड तासात उठतो. एक गोष्ट कळली: दोन पोरांनी उचल घेतली होती ती मी विसरलो होतो, आणि एकाची उचल मी दोनदा कापली होती. तो बिचारा बोलला नव्हता. त्याचे ८०० परत दिले. रोज पक्कं लिहिणं अजूनही मला जमणार नाही, पण कच्चं मी त्याच रात्री टिपतो.

जुनी खतावणी

मांडववाले, ते ८०० परत दिलेत हे फार चांगलं केलंत.

ताई, तुमची घट राहिली. आमच्याकडे हळद उकडून, वाळवून, पॉलिश करून किती उतरते याचा उतारा काढायचे. तुम्हीही मालाच्या वहीत तीन रकाने करा: आणलेलं वजन, वाळवून झालेलं वजन, डंखावरून (मसाला कुटायच्या गिरणीवरून) परत आलेलं वजन. पैशाच्या वहीत घट वेगळी लिहायची गरज नाही. खरेदीची पूर्ण रक्कम लिहा आणि तिला आणलेल्या वजनाने नव्हे, तयार मसाल्याच्या वजनाने भागा. किलोचा खरा पडतळ, म्हणजे आपल्याला पडलेली किंमत, ती. जमा-नाव्याचं सांगायचं तर आपल्याकडे आलं ते जमा, ज्याला दिलं त्याच्या नावे. रोखीच्या वहीला एवढं पुरतं.

लवंगवेलची

सव्वा महिन्याने लिहितेय. दोन डबे केले, दोन वह्या केल्या, रात्री भांडी झाली की लिहिते. सल्लागारांकडे जाऊन आले, नोंदणीचं काम सुरू आहे. तोवर बेंगळुरूचं पार्सल थांबवलंय.

पहिल्या महिन्याचा हिशेब इथे मांडते, चुकलं असेल तर सांगा. जिन्नस ५० किलो आणले, १६,४०० चे. वाळवून, भाजून, कुटून मसाला उतरला ४५ किलो. विकला ४२ किलो, ७०० ने, २९,४०० आले. डंखवाल्याला १,८००. पिशव्या आणि लेबलं ६२०. मदतीला येणाऱ्या मावशींना २,४००. गॅस ९००. कुरिअर २,१५०. खर्च एकूण २४,२७०, राहिले ५,१३०. मी बारा-तेरा हजार समजत होते. मिरच्या उन्हात घालण्यापासून पाकिटं चिकटवेपर्यंत अकरा दिवस मोडले, म्हणजे दिवसाला साडेचारशेच्या आसपास पडले.

वही समोर ठेवून नवऱ्याबरोबर बसले. कुरिअरचे पैसे मी चार वर्षांत कुणाकडून वेगळे घेतलेच नव्हते. मागायला संकोच वाटायचा. आता वेगळे लावणार आहे, आणि दोन ताया लगेच हो म्हणाल्या. उरलेला ३ किलो "चव बघायला" म्हणून नात्यात गेला. तो मला द्यायचाच आहे, पण आता वहीत "भेट" म्हणून लिहितेय.

एक शंका उरली. मार्चमध्ये नवी मिरची स्वस्त असते तेव्हा मी वर्षाची एकदम भरते. तो सगळा खर्च त्याच महिन्यात धरला तर मार्चमध्ये तोटा दिसतो आणि पुढे सगळे महिने फायदा. काका, ती डब्यातली मिरची वहीत कशी दाखवू?

जुनी खतावणी

ताई, हिशेब बरोबर आहे, बेरजा तपासल्या. साठवलेली मिरची म्हणजे तुमचा शिल्लक माल. महिन्याच्या शेवटच्या दिवशी डबा वजनकाट्यावर ठेवा, उरलेले किलो लिहा, खरेदीच्या भावाने त्याची किंमत काढा. महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक अधिक खरेदी, त्यातून शेवटची शिल्लक वजा केली की त्या महिन्यात खरंच वापरलेली मिरची निघते. खर्च तेवढाच धरायचा. काटा घरात आहे ना? मग या ३१ तारखेपासूनच सुरू करा, आणि वजन करताना रिकाम्या डब्याचं वजन वजा करायला विसरू नका.